हुकूमशाही स्टालिनच्या आधीच आली होती

1908 साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. परदेशात निर्वासित म्हणून राहणाऱ्या लेनिनने त्याच वर्षी एका लेखात या संपाचं स्वागत केलं. 1921 मध्ये तरुण श्रीपाद अमृत डांगे यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका लिहिली. पुढे अण्णाभाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि त्यांनी त्या प्रवासाचं पुस्तक केलं. रशियन क्रांतीबद्दलचा महाराष्ट्राचा जिव्हाळा असा जुना आहे. त्याच जिव्हाळ्यातून एक समजूत घट्ट झाली : लेनिनने आणलेलं राज्य कष्टकऱ्यांचं होतं, स्टालिनने ते नासवलं.

तारखा लावून पाहिल्या की ही समजूत टिकत नाही.

मार्च 1917 मध्ये पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या. आठवडाभरात झार निकोलस दुसरा पदच्युत झाला. (रशियाचं जुनं पंचांग तेरा दिवस मागे होतं, इथल्या तारखा नव्या पंचांगाच्या आहेत.) हंगामी सरकार आलं, पण त्याने महायुद्ध थांबवलं नाही आणि शेतकऱ्याला जमीन दिली नाही. दुसरीकडे कामगार आणि सैनिकांनी निवडलेल्या समित्या, म्हणजे सोव्हिएत, गावोगाव उभ्या राहिल्या होत्या. शांतता, जमीन आणि भाकरी ही लेनिनच्या बोल्शेविक पक्षाची मागणी लोकांच्या मनातलीच होती. 7 नोव्हेंबरला त्यांनी सत्ता घेतली, तेव्हा हंगामी सरकारच्या बचावाला फारसं कुणी धावून आलं नाही.

इथवरची हकिकत सगळ्यांना ठाऊक असते. पुढच्या अडीच महिन्यांविषयी मात्र फार कमी बोललं जातं.

सत्ता हाती आल्यावर दोनच दिवसांनी विरोधी वृत्तपत्रं बंद करण्याचा हुकूम निघाला. तो तात्पुरता असल्याचं त्यातच लिहिलं होतं. 20 डिसेंबरला फेलिक्स झेर्झिन्स्कीच्या हाताखाली ‘चेका’ ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. घटना समितीची निवडणूक पार पडली तीही याच काळात. झारशाहीविरुद्ध लढलेल्या प्रत्येक पक्षाचं हे स्वप्न होतं. हंगामी सरकार ही निवडणूक लांबणीवर टाकतं, असा आरोप खुद्द बोल्शेविक करत असत. स्त्री-पुरुष सर्वांना मताधिकार होता आणि चार कोटींहून अधिक लोकांनी मतदान केलं. बोल्शेविकांना साधारण एक चतुर्थांश मतं पडली. पेट्रोग्राड आणि मॉस्को त्यांनी जिंकलं, पण खेड्यापाड्यांतला शेतकरी समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या मागे उभा राहिला. हा पक्षही समाजवादीच होता, हे विसरता कामा नये. हरलेल्या बोल्शेविकांसमोर जमीनदार आणि भांडवलदार बहुमत घेऊन बसलेले नव्हते. जमीन कसणाऱ्यांनी निवडून दिलेले समाजवादी बसले होते.

18 जानेवारी 1918 ला ताउरीदा राजवाड्यात समिती भरली. तिच्या पाठिंब्यासाठी निघालेल्या निःशस्त्र मोर्चावर त्या दिवशी गोळ्या झाडल्या गेल्या आणि माणसं मेली. सभागृहात सशस्त्र खलाशी उभे होते, काहींच्या बंदुका बोलणाऱ्यांवर रोखलेल्या होत्या. अध्यक्षपदासाठी बोल्शेविकांनी समाजवादी क्रांतिकारकांच्या फुटून निघालेल्या डाव्या गटातल्या मारिया स्पिरिदोनोवाला पाठिंबा दिला. निवडून आला समाजवादी क्रांतिकारक पक्षाचा व्हिक्टर चेर्नोव. निकोलाय बुखारिनने बोल्शेविकांच्या वतीने भाषण केलं. पुढे फ्योदोर रास्कोल्निकोवने निवेदन वाचलं आणि बोल्शेविकांनी सभात्याग केला. पहाटे चार वाजून गेल्यावर पहाऱ्यावरचा खलाशी झेलेझ्न्याकोव अध्यक्षांजवळ आला आणि पहारेकरी थकलेत, सभागृह रिकामं करा, असं त्याने सांगितलं. प्रतिनिधींनी घाईघाईने जमिनीच्या कायद्याची कलमं मंजूर केली आणि ते बाहेर पडले. पुन्हा आले तेव्हा दारं बंद होती. समिती एकदाच भरली.

मोर्चावरच्या गोळीबाराने लेखक मॅक्सिम गॉर्की हादरला. 1905 मध्ये झारच्या सैन्याने निःशस्त्र कामगारांवर केलेल्या गोळीबाराशी त्याने आपल्या वृत्तपत्रात या दिवसाची तुलना केली. तेच वृत्तपत्र जुलैत बंद पाडलं गेलं. जर्मनीत तुरुंगात असलेल्या रोझा लक्झेंबर्गने क्रांतीचं स्वागत करूनही बजावलं की निवडणुका, वृत्तपत्रं आणि सभा यांचं स्वातंत्र्य संपलं तर सार्वजनिक जीवन मरून जाईल आणि मूठभर पुढारी राज्य करतील. ती कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालवलेली बाई होती, म्हणून तिच्या या इशाऱ्याचं मोल फार मोठं आहे.

बोल्शेविकांचे समर्थक यादवी युद्धाकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे. बोल्शेविकविरोधी ‘श्वेत’ सेनापतींच्या फौजा, परकी सैन्यं, उपासमार, टायफस यांनी देश पिळून निघाला. ऑगस्ट 1918 मध्ये लेनिनवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सप्टेंबरमध्ये ‘लाल दहशती’चा हुकूम निघाला. पण यादवीने खरा पेट घेतला तो 1918 च्या उन्हाळ्यात. वृत्तपत्रबंदी, चेका आणि घटना समितीचा शेवट या तिन्ही गोष्टी त्याआधीच्या आहेत. शिवाय यादवी जिंकल्यावर बंधनं सैल व्हायला हवी होती. झालं ते उलटंच.

मार्च 1921. युद्ध जवळपास संपलेलं. पेट्रोग्राडचे कामगार भुकेने संपावर गेले होते आणि त्यांच्या बाजूने जवळच्या बेटावरच्या क्रोनश्टाट तळाचे खलाशी उठले. 1917 मध्ये ज्याच्या खलाशांना क्रांतीचा अभिमान म्हटलं जायचं, तो हाच नाविक तळ. त्यांनी पंधरा मागण्या मांडल्या : सोव्हिएतच्या निवडणुका गुप्त मतदानाने पुन्हा घ्या, समाजवादी पक्षांच्या राजकैद्यांना सोडा, कामगार-शेतकऱ्यांना बोलू द्या, सर्व कष्टकऱ्यांना सारखा शिधा द्या. झारला परत आणा, असं त्यात कुठेही नव्हतं. गोठलेल्या समुद्रावरून लाल सेनेचा सेनापती तुखाचेव्स्की याच्या फौजा चालून गेल्या आणि 18 मार्चला बंड मोडलं. खलाशांना गोळ्या घातल्या गेल्या, छळछावण्यांत धाडलं गेलं. हजारो बर्फ तुडवत फिनलंडला पळाले.

त्याच दिवसांत मॉस्कोत पक्षाची दहावी काँग्रेस चालू होती. शेतकऱ्याच्या घरातून जबरदस्तीने धान्य उचलण्याऐवजी ठरावीक कर घ्यायचा, ही सवलत तिथे मिळाली. त्याच काँग्रेसने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. ठरावात एक गुप्त कलम होतं : दोन तृतीयांश मतांनी मध्यवर्ती समितीच्या सदस्यालाही पक्षातून काढता येईल. बाहेरचे पक्ष आधीच चिरडले जात होते, आता पक्षाच्या आतही मतभेद हा गुन्हा ठरला. एप्रिल 1922 मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला, तेव्हा ही सगळी यंत्रणा त्याला तयार मिळाली. अंथरुणाला खिळलेल्या लेनिनने त्याला पदावरून हलवण्याची सूचना लिहून ठेवली. पण ती अमलात आणायची तर उघड चर्चा करणारा पक्ष हवा होता, आणि तसा पक्ष उरलेला नव्हता.

स्टालिनचे गुन्हे यामुळे रतीभरही हलके होत नाहीत. 1937-38 या दोन वर्षांतच सुमारे 6 लाख 80 हजार लोकांना राजकीय आरोपांखाली गोळ्या घातल्या गेल्या. एवढा संहार लेनिनच्या काळात ठरलेलाच होता, असंही म्हणता येणार नाही. पण निवडून आलेली सभा, स्वतंत्र वृत्तपत्र, विरोधी पक्ष आणि न्यायालय या तो रोखू शकणाऱ्या संस्था लेनिन, बोल्शेविक नेता ट्रॉट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच संपवल्या. त्यांची ही जबाबदारी टाळता येत नाही.

त्या सहकाऱ्यांपैकी बहुतेकांचा शेवट स्टालिनच्या हातून झाला. क्रोनश्टाट मोडणारा तुखाचेव्स्की जून 1937 मध्ये मारला गेला. ताउरीदात भाषण करणाऱ्या बुखारिनला मार्च 1938 मध्ये गोळी घातली. रास्कोल्निकोवने परदेशातून स्टालिनला जाहीर पत्र लिहून त्याच्या गुन्ह्यांचा पाढा वाचला आणि 1939 मध्ये त्याचा नीस इथे मृत्यू झाला. झारच्या आणि बोल्शेविकांच्या, दोन्ही राजवटींच्या तुरुंगात राहिलेल्या स्पिरिदोनोवाला सप्टेंबर 1941 मध्ये ओर्योलजवळच्या जंगलात इतर कैद्यांबरोबर ठार केलं गेलं. क्रोनश्टाटच्या खलाशांवरचा देशद्रोहाचा डाग रशियन सरकारने अधिकृतपणे पुसला तो जानेवारी 1994 मध्ये.