‘शॅगी’ म्हणजे नुसते केसाळ नव्हे

इंग्रजी शिकणारी आपली मुले ‘शॅगी’ म्हणजे ‘केसाळ’ असे पाठ करतात आणि पुढे जातात. पण माणसाचा हात केसाळ असला तरी त्याला कोणी ‘शॅगी’ म्हणत नाही. केस लांब हवेत, दाट हवेत, आणि त्यांना फणीचा स्पर्श झालेला नसावा. तेव्हाच हा शब्द शोभतो.

जुन्या इंग्रजीत याचे मूळ राठ, गुंतलेल्या केसांना किंवा लोकरीला लावीत. नॉर्स भाषेतील ‘दाढी’ या अर्थाचा शब्द त्याचा भाऊबंद. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील गाय, डोळ्यांवर झिपऱ्या आलेली, हे त्याचे उत्तम उदाहरण. आपल्याकडचे अस्वल दुसरे. १७९१ साली जॉर्ज शॉ यांनी त्याची लांब नखे पाहून व पुढचे दोन वरचे दात नसल्याने त्याची गणना चक्क ‘स्लॉथ’ या झाडावर लोंबकळणाऱ्या अमेरिकी प्राण्यात केली होती!

‘हिर्सूट’ हा लॅटिन कुळातला शब्द याचाच शेजारी. पण तो वैद्यकात किंवा थट्टेत अधिक वावरतो. लांबण लावून शेवटी हाती काहीच न देणाऱ्या गोष्टीला इंग्रज ‘शॅगी’ कुत्र्याची गोष्ट म्हणतात. समेवर न येणारी तान म्हणा ना!

मराठीत याला एकच शब्द नाही, आणि ते उणेही नाही. कुत्रे झिपरे, दाढी पिंजारलेली, शेपूट झुपकेदार, अस्वलाचे केस राठ. जागेप्रमाणे शब्द बदलतो. भैरवात आणि मारव्यात ऋषभ कोमलच लिहितात. पण भैरवातला आंदोलित, मारव्यातला तसा नव्हे. वहीतल्या खुणेवरून हा भेद कळत नाही, तो कानाने घ्यावा लागतो. कोशाचेही तसेच आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत मराठी टिकली ती अशा कानावर पडलेल्या शब्दांनी. आज मुलांच्या तोंडी ‘शॅगी’ आहे, ‘झिपरे’ नाही. इंग्रजी शब्द शिकू नये असे मी म्हणणार नाही. तो नीटच शिकावा. पण त्याच वेळी घरातल्या आजीने आपले चार शब्द मुलांच्या कानावर घालावेत. हे काम शाळा करणार नाही.