मण्यांवर मोजलेला दिवस

वसईतल्या एखाद्या कॅथोलिक वाडीतून संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास चालत गेलात, तर या घरातून त्या घरात एकच लय सोबतीला येते. घरातलं एक माणूस, बहुतेक वेळा आजी, अर्धी प्रार्थना म्हणतं आणि उरलेली अर्धी बाकीचे एका सुरात पुरी करतात. पुन्हा तेच, पुन्हा तेच. ही जपमाळ. टीव्हीवरच्या मालिकांचीही वेळ नेमकी हीच, त्यामुळे काही घरांत ती थोडी आधी उरकते, तर काही घरांत जेवणानंतर झोपेशी झगडत चालते.

बाहेरून पाहणाऱ्याला कॅथोलिक धर्म म्हणजे रविवारचं चर्च वाटतं. चर्चमधली ही सामूहिक उपासना, म्हणजे मिस्सा, या श्रद्धेचं केंद्र आहेच. पण आठवड्याचे बाकीचे दिवस आणि रविवारचे बाकीचे तास ज्यांच्यावर तोलले जातात, त्या या छोट्या, तोंडपाठ प्रार्थना. त्या कुठून आल्या हे शोधू लागलं की बहुतेकींचा माग मठाच्या दारापर्यंत जातो. मठवासीयांचा प्रार्थनेचा दिवस शेतकऱ्याला, मोलकरणीला, अक्षरओळख नसलेल्याला परवडावा म्हणून कापून-बेतून दिलेला आहे.

मठाचं वेळापत्रक

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा एकत्र जमून प्रार्थना करायची आणि बायबलमधली दीडशे स्तोत्रं आठवडाभरात म्हणून पुरी करायची. आज धर्मगुरू आणि सिस्टर्स रोज म्हणतात ती प्रहरांची प्रार्थना याच परंपरेतली. स्तोत्रं मात्र आता चार आठवड्यांत विभागली आहेत.

स्तोत्रं म्हणायची तर वाचता यायला हवं, नाहीतर सगळी पाठ हवीत. छापखान्याच्या आधी हस्तलिखित पुस्तक ही श्रीमंतांची वस्तू. खुद्द मठांतही कष्टाची कामं करणारे निरक्षर बंधू असायचे. त्यांना स्तोत्राऐवजी प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितलं गेलं. ती मोजायला दोरीच्या गाठी आल्या, मग मणी आले. इंग्रजीत मण्याला ‘बीड’ म्हणतात, त्या शब्दाचा मूळ अर्थ प्रार्थना असाच होता. प्रार्थना मोजायच्या गोळीलाच लोक प्रार्थना म्हणू लागले आणि शब्द गोळीला चिकटून राहिला.

जपमाळ

पुढे प्रभूच्या प्रार्थनेची जागा येशूची आई मारिया हिच्या प्रार्थनेनं घेतली आणि दीडशे स्तोत्रांच्या जागी दीडशे ‘नमो मरिये’ असा हिशेब बसला. मारियेनं ही माळ संत डॉमिनिक यांच्या हाती दिली, अशी जुनी कथा आहे. इतिहासकारांच्या मते मात्र ती काही शतकांत हळूहळू घडत गेली. मला हे दुसरं उत्तर अधिक भावतं, कारण त्यात शेकडो अनाम माणसांचे हात लागलेले दिसतात. १५६९ मध्ये पोप पायस पाचवे यांनी तिच्या रूपावर अधिकृत मोहोर उमटवली.

आज हाती असते ती माळ ५९ मण्यांची. दहा-दहा मण्यांची पाच दशकं, दशकांच्या मधले चार सुटे मणी आणि क्रुसाकडे लोंबणाऱ्या शेपटीतले पाच. लहान मण्यावर ‘नमो मरिये’, सुट्या मण्यावर प्रभूची प्रार्थना. पाच दशकांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. १०८ मण्यांची माळ जपणाऱ्यांच्या देशात हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. एक वेगळेपण मात्र लक्षात घ्यायला हवं. इथे बोटं मोजतात, ओठ म्हणतात आणि मन तिसऱ्याच ठिकाणी, येशूच्या आयुष्यातल्या एखाद्या प्रसंगावर ठेवायचं असतं. या प्रसंगांना ‘रहस्यं’ म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची.

गुरुवार राहिला, तो आहे प्रकाशाच्या रहस्यांचा. ही पाच २००२ च्या ऑक्टोबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी सुचवली. तोपर्यंतच्या माळेत एक विचित्र उडी होती. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो आणि त्यापुढच्या मण्यावर तो थेट मरणाच्या आदल्या रात्री बागेत घाम गाळत असतो. मधलं सगळं जगणं गायब. यार्देन नदीतला बाप्तिस्मा, काना गावच्या लग्नातलं पाणी, त्याची शिकवण, डोंगरावरचं रूपांतर आणि शेवटच्या भोजनातली भाकर, हे सगळं नव्या पाचांत आलं. त्यामुळे एकूण रहस्यं वीस झाली आणि दीडशेचा जुना हिशेब मोडला. काही जुन्या मंडळींना ते रुचलं नाही. पण ज्या माणसाची गोष्ट सांगायची, त्याच्या कामाची वर्षंच गाळायची, हे तरी किती दिवस चालणार?

‘नमो मरिये’ ही प्रार्थना स्वतःच दोन तुकड्यांची शिवण आहे. पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला. त्यात आधी देवदूत गाब्रिएलचं अभिवादन येतं, मग मारियेची नातेवाईक एलिझाबेथ हिचे उद्गार. दुसरा भाग विनवणीचा. तो नंतर जोडला गेला आणि १५६८ च्या प्रार्थनाग्रंथात आजच्या शब्दांत पक्का झाला. विनवणीत दोनच वेळा सांगितल्या आहेत, आत्ताची आणि मरणाची. बाकी सगळ्या वेळा या दोहोंच्या मध्येच कुठेतरी पडतात.

मग मारियेची पूजा करतात का?

हा प्रश्न कॅथोलिकांना आयुष्यभर पुरतो. चर्चचं उत्तर स्पष्ट आहे. आराधना फक्त देवाची, मारियेला आणि संतांना मान. त्यांच्याकडे मागायचं ते एवढंच, की आमच्यासाठी देवाजवळ शब्द टाका. वडिलांशी बोलायचं धाडस होत नाही तेव्हा घरातलं मूल आईच्या पदराआडून बोलतं, तसं काहीसं. भाबड्या भक्तीत ही सीमारेषा पुसट होते हे खरं, आणि तशी ती झाल्यावर फादर प्रवचनात कान उपटतात, हेही खरं.

दिवसात तीनदा घंटा

मठाच्या घंटेचा सामान्यांना मिळालेला दुसरा वाटा म्हणजे एंजलस. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. घंटा झाली की हातातलं काम थांबवून तीन छोटी वचनं आणि तीन ‘नमो मरिये’ म्हणायचे. देवदूताचा निरोप, मारियेचा होकार आणि देवाच्या शब्दाचं देहधारी होणं, एवढीच त्यातली गोष्ट. दोन मिनिटंही लागत नाहीत. पुनरुत्थानाच्या काळात तिच्याऐवजी दुसरी, आनंदाची प्रार्थना म्हणतात.

फ्रेंच चित्रकार मिले यांनी १८५७ ते १८५९ या काळात काढलेलं एक चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बटाट्याच्या शेतात नवरा-बायको मान खाली घालून उभी आहेत, दातेरी फावडं जमिनीत रोवलेलं, टोपली पायाशी, आणि दूर क्षितिजावर चर्चचं टोक. चित्रात घंटा दिसत नाही, तरी ऐकू येते. एंजलसवर इतकं नेमकं प्रवचन मी ऐकलेलं नाही.

रोममध्ये रविवारी बारा वाजता पोप खिडकीत येऊन हीच प्रार्थना म्हणतात. आपल्याकडे घंटेचा आवाज गाड्यांच्या गोंगाटात बुडतो, म्हणून काही जण मोबाइलवर बाराचा गजर लावून ठेवतात. गजर झाल्यावर पहिला हात तो बंद करायला जातो, हा भाग वेगळा.

क्रुसाची वाट

मठाशी नातं नसलेली ही भक्ती यात्रेतून आली. जेरुसलेमला जाणं मूठभरांनाच शक्य होतं, म्हणून येशू क्रूस वाहत गेला ती जेरुसलेमची वाट, थांबण्याच्या स्थानांसह, गावातल्या चर्चच्या भिंतींवर आणली गेली. पवित्र भूमीतल्या स्थळांची राखण चौदाव्या शतकापासून फ्रान्सिस्कन बंधूंकडे होती आणि त्यांनीच ही भक्ती पसरवली. १७३१ मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांनी स्थानांची संख्या चौदा अशी पक्की केली. त्यातले काही प्रसंग, जसं येशूचं तीनदा पडणं किंवा वेरोनिका नावाच्या स्त्रीनं त्याचा चेहरा पुसणं, बायबलमध्ये नाहीत. लोकांच्या आठवणीनं ते घातले आणि चर्चनं ठेवले. उपवासकाळातल्या शुक्रवारी लोक एका स्थानापासून दुसऱ्याकडे सरकत जातात. गुडघ्यांना त्रास होतो, आणि तो व्हावा अशीच त्यामागची कल्पना आहे.

नऊ दिवस, नऊ बुधवार

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. येशू स्वर्गात गेल्यावर पवित्र आत्मा उतरेपर्यंतचे नऊ दिवस शिष्य मारियेसोबत प्रार्थना करत थांबले होते, त्या वाट पाहण्याची ही नक्कल. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी नऊ दिवस नोव्हेना चालते आणि पहाटेपासून पायी येणाऱ्यांची रीघ लागते.

मुंबईनं आपल्या घाईला शोभेल असा बदल केला. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी सदासहाय्य मातेची नोव्हेना होते. दिवस सलग नाहीत, सलग नऊ बुधवार. येणाऱ्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी सगळे असतात. बुधवारी माहीमहून बसनं जाणाऱ्याला त्यामागचं धर्मशास्त्र ठाऊक नसतं, वाहतूक का तुंबते ते मात्र पक्कं ठाऊक असतं. वांद्र्याच्या माउंट मेरीला ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते, तिथे मेणाचे हात, पाय, बाळं, घरं वाहतात. ज्याचं जे दुखतं वा ज्याला जे हवं, त्याच आकाराचं मेण. शुद्धतावाद्यांना हे खटकतं. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो, कारण नवस बोलणाऱ्यानं मागणं निदान गोल-गोल शब्दांत लपवलेलं नसतं.

नाक्यावरचे क्रूस

वांद्रे, गिरगाव आणि आसपासच्या गावठाणांत नाक्यानाक्यावर दगडी क्रूस दिसतात. त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभारलेले. मे महिन्यात आजही संध्याकाळी शेजारी तिथे जमतात, क्रुसाला फुलं वाहतात आणि जपमाळ म्हणतात. गोव्यात अशा प्रार्थनेला ‘लादाईन’ म्हणतात. मारियेची एकेक नावं घेत गायलेली ती लितानी, आणि शेवटी उकडलेले चणे. मोठ्यांसाठी एखादा पेला. लादाईन किती वेळ चालली यापेक्षा चणे मऊ होते का, ही चर्चा जास्त काळ टिकते.

प्रार्थना कोणत्या भाषेत?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये होती. लोकांना शब्द कळत नसत, म्हणून वेदीवर मिस्सा चालू असताना बाकांवर जपमाळ चालायची. १९७४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी मिस्सेत जपमाळ म्हणणं ही चूक असल्याचं लिहिलं. तोवर मिस्सा लोकभाषेत आली होती आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली होती.

खरं तर मराठीनं हे काम फार आधी करून दाखवलं होतं. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, ओवीछंदात, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पुराणांसारखं काहीतरी ऐकायला हवं होतं. रविवारी आणि सणाला ते गावोगावच्या चर्चमध्ये वाचलं जाई. वेदीवरचं लॅटिन डोक्यावरून जात असताना ओवी कानात उतरत होती.

रात्रीचा हिशेब

स्टीफन्स ज्या जेझुइट संघाचे, त्याचे संस्थापक संत इग्नाती लोयोला. त्यांनी दिलेली एक साधना वरच्या सगळ्यांहून वेगळी आहे, कारण तिला पाठ केलेले शब्द लागत नाहीत, मणी लागत नाहीत, सोबत लागत नाही. दुपारी आणि रात्री काही मिनिटं थांबून दिवस मागे वळून बघायचा. आधी आभार, मग प्रकाश मागणं, मग तासातासानं उजळणी, चुकलं तिथे क्षमा, आणि उद्यासाठी एखादा छोटा निश्चय. यात आभार पहिले येतात, हे महत्त्वाचं. चुकांपासून सुरुवात केली तर माणूस एकतर स्वतःला झोडपत बसतो, नाहीतर सबबी शोधतो. ज्याला माळ कंटाळवाणी वाटते, त्याला मी हे सुचवीन. ज्याला स्वतःकडे बघण्याची धास्ती वाटते, त्याला माळ.

झोप लागली तर

जपमाळ म्हणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तिसऱ्या दशकात डुलकी येते आणि प्रत्येकाला त्याची लाज वाटते. फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या संत तेरेज चोविसाव्या वर्षी, १८९७ मध्ये गेल्या. त्यांना पुढे ‘चर्चच्या आचार्य’ ही पदवी मिळाली. त्यांनी आत्मकथनात मोकळेपणानं कबूल केलंय, की एकटीनं जपमाळ म्हणणं त्यांना फार जड जाई आणि कित्येक वर्षं प्रार्थनेच्या वेळी त्यांना झोप लागायची. मुलं जागी असोत की झोपलेली, आईबापांना सारखीच लाडकी असतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. कॅथोलिक घरांतल्या म्हाताऱ्या तर त्याहून पुढे गेल्या आहेत. त्या सांगतात, माळ हातात असताना डोळा लागला तर उरलेले मणी राखणदार देवदूत पुरे करतो. म्हणून त्या माळ उशाखाली ठेवत नाहीत, मुठीत धरूनच झोपतात.