कुहीचा धातू आणि आजींचा एक्स-रे

नागपूर म्हटले की संत्री आठवतात, फार तर मँगनीज. परंतु याच जिल्ह्यातील कुही, खोबना, आगरगाव या पट्ट्यातील खडकांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला टंगस्टन या दुर्मीळ धातूची खनिजे आढळली आहेत. ज्येष्ठांच्या आरोग्याशी या धातूचा निकटचा संबंध आहे.

टंगस्टन जवळजवळ सोन्याइतकाच घन आहे. त्याचा वितळबिंदू ३,४२२ अंश सेल्सिअस, म्हणजे सर्व धातूंत अधिक. कार्बनशी त्याचा संयोग झाला की दाताचे कठीण कवच कोरणारी दंतवैद्यांची टोके घडवता येतात. एक्स-रे नळीत वेगवान इलेक्ट्रॉन ज्या लक्ष्यावर आदळतात, तेही बहुधा टंगस्टनचेच असते. त्या आघाताची सुमारे ९९ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते आणि जेमतेम १ टक्का क्ष-किरणांत. अशी उष्णता सोसणारी, टंगस्टन वापरलेली नळी विल्यम कूलिज यांनी १९१३ साली सिद्ध केली.

हे सारे आठवले ते एका आजींमुळे. त्या न्हाणीघरात पडल्या. परंतु ‘किरणे अंगात राहतात’ या भीतीने त्यांनी एक्स-रे टाळला. दोन-चार पावले टाकता येत होती, म्हणून घरच्यांनीही आग्रह धरला नाही. आठवड्याने माझ्याकडे आणले, तेव्हा पाय आखूड होऊन बाहेर वळला होता. खुब्याचे हाड मोडले होते आणि पाठीवर शय्याव्रणही सुरू झाले होते.

यंत्र थांबताच क्ष-किरण संपतात. शरीरात काहीही उरत नाही. छातीच्या एका एक्स-रेतून मिळणारी मात्रा निसर्गातून सुमारे दहा दिवसांत मिळते तेवढीच असते. सीटी स्कॅनमध्ये ती बरीच अधिक असते, म्हणून तो गरजेपुरताच करावा.

पडल्यानंतर जांघेत दुखत असेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्यावा. तो निर्दोष आला तरी वेदना टिकल्यास पुन्हा दाखवावे. बारीक भेग पहिल्या चित्रात कधी कधी दिसत नाही. रुग्णाला धरून उभे राहणाऱ्याने शिशाचा अ‍ॅप्रन मागून घ्यावा. गर्भवतीने हे काम करू नये.

शस्त्रक्रियेनंतर आजी आता वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. पूर्वी त्या रोज देवळापर्यंत जात असत.