दोन हिमतुषारांमधली मिरची : हंगेरीतील सौम्य पाप्रिकाची लागवड

मिरचीचे मूळ मेक्सिकोच्या उष्ण प्रदेशात असून 15व्या शतकाच्या अखेरीस कोलंबसच्या सफरींनंतर ती युरोपात आली आणि तेथून पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, तर ऑटोमन तुर्कांच्या सत्ताकाळात ती हंगेरीत रुजली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्याकडील बहुतेक लाल मिरच्या, ढोबळी मिरची आणि हंगेरीची पाप्रिका या सर्व ‘कॅप्सिकम अ‍ॅन्युअम’ या एकाच जातीच्या आहेत. भेद आहे तो हवामानाचा. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर लावलेले मिरचीचे झाड हिवाळ्यातही फळे देत राहते. हंगेरीतील सेगेद आणि कालोचा हे पाप्रिकाचे दोन प्रमुख परिसर मात्र 46 ते 47 उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येत असल्याने, वसंतातला शेवटचा आणि शरदातला पहिला हिमतुषार यांच्यामधल्या पाच-सहा महिन्यांतच पिकाला लाल होऊन घरात यावे लागते. त्यामुळे तेथील मिरचीची शेती हा मुख्यतः वेळ वाचवण्याचा उद्योग ठरतो, आणि तो वेळ बी पेरण्याच्या टप्प्यावरच मिळवावा लागतो.

मिरचीचे बी उगवायला हवेपेक्षा मातीची ऊब अधिक महत्त्वाची असते. माती 25 ते 30 अंश सेल्सिअस असल्यास साधारण आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतो. तापमान 15 अंशांच्या खाली राहिले तर उगवण जवळजवळ थांबते आणि ओलसर थंड मातीत बी कुजू लागते. म्हणून थंड देशांत फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत बी आच्छादित जागेत पेरतात. पूर्वी यासाठी ताज्या शेणखताचा थर खाली दाबून, तो कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवर वाफे तापवले जात. आता काचगृह, प्लॅस्टिकचे बोगदे किंवा ट्रेखाली ठेवलेली विजेची चटई तेच काम करते. बी कोमट पाण्यात भिजवून, मोड काढून मगच पेरण्याची रीतही आहे, कारण त्यामुळे काही दिवस वाचतात. रोप वर आल्यावर मात्र ऊब थोडी कमी करून उजेड वाढवावा लागतो. उजेडाशिवाय नुसती ऊब मिळाली तर रोपे किरटी व लांबुडकी होतात, आणि पाणी जास्त झाले तर बुरशीमुळे खोड मातीलगत कुजून ती कोलमडतात.

शेतात पुनर्लागण करण्याआधी रोपांना आठवडाभर दिवसा बाहेरच्या हवेत ठेवून कणखर केले जाते. मे महिन्यातील 12, 13 आणि 14 या तारखा हंगेरीत पाँग्राट्स, सेर्वाट्स व बोनिफाट्स या संतांच्या नावे असून, त्यांना लोक ‘हिमतुषाराचे संत’ म्हणतात. हे दिवस उलटल्याशिवाय नाजूक रोपे उघड्यावर लावू नयेत, असा तेथील जुना संकेत आहे. घाई करून काही मिळत नाही, कारण 10-12 अंशांच्या हवेत रोप जगले तरी त्याची वाढ खुंटते. फुले आल्यावरही रात्री फार थंड असतील तर परागकण नीट तयार होत नाहीत आणि फूलगळ होते.

फळ पूर्ण वाढले की काम संपले, असे पाप्रिकाच्या बाबतीत होत नाही. हिरव्या फळातील हरितद्रव्य नाहीसे होऊन कॅप्सँथिन नावाचे लाल रंगद्रव्य साठण्यास आणखी काही आठवडे लागतात आणि थंडीत ही क्रिया मंदावते. यावर तेथील शेतकऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे सप्टेंबरपासून लाल झालेली फळे खुडून, त्यांच्या माळा ओवून घराच्या वळचणीला टांगणे. तोडल्यानंतरही फळात पक्वतेची क्रिया चालू राहते, रंग गडद होतो आणि मगच ते वाळवून दळले जाते.

सौम्यपणाचा इतिहास याहून अलीकडचा आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सायसिनमुळे येतो, ते बियांमध्ये तयार होत नसून बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतील पांढरट गाभ्यात तयार होते. सेगेदच्या पाल्फी बंधूंनी 1859 मध्ये गाभा, शिरा व बिया यंत्राने वेगळ्या करण्याची पद्धत आणल्यावर सौम्य पूड मोठ्या प्रमाणावर बनू लागली. पुढे 20व्या शतकाच्या पूर्वार्धात कालोचा येथे फेरेन्त्स होर्वाथ यांनी तिखटपणा नसलेला वाण विकसित केला आणि जे काम यंत्र करत होते ते बियाण्यातच आले.  

सौम्य वाणांत कॅप्सायसिन घडवणारे जनुक निकामी झालेले असते. हा गुण अप्रभावी, म्हणजे आई व बाप या दोन्ही बाजूंनी आला तरच प्रकट होणारा असतो. मिरची बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, पण मधमाश्यांमुळे शेजारच्या तिखट झाडाचा परागही येऊ शकतो. अशा वेळी त्या वर्षीचे फळ सौम्यच राहते, कारण गाभा हा मातृझाडाचाच भाग असतो. त्यातील संकरित बी पेरल्यावर मात्र पुढच्या वर्षी तिखट फळ येते. म्हणून लंडन किंवा टोरांटोसारख्या थंड शहरात घरी सौम्य मिरची लावणाऱ्यानेही शेवटच्या हिमतुषारापासून आठ-दहा आठवडे मागे मोजून पेरणी करावी आणि घरचे बी धरायचे असल्यास काही कळ्या फुलण्यापूर्वीच जाळीच्या पिशवीने झाकाव्यात. पहिल्या दक्षतेने मिरची वेळेत लाल होते आणि दुसरीने तिचा सौम्यपणा पुढच्या पिढीत टिकतो.