जुने इंजिन, घरी बांधलेले विमान

घरी विमान बांधता येते, असे सांगितले तर वर्गातली मुले हसतील. अमेरिकेत मात्र हा छंद चांगला रुजलेला आहे. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौसेने स्वतः केले असेल, तर त्याची ‘प्रायोगिक’ गटात नोंद होते. अशा विमानाच्या इंजिनाला कारखान्यातील विमानासारखे प्रमाणपत्र सक्तीचे नसते. म्हणून काही हौशी मंडळी पिस्टन इंजिनाऐवजी इंजिनकाम केलेले जुने टर्बोप्रॉप बसवतात. लँकेअर ४-पी या चार आसनी विमानाचे उदाहरण घेऊ. मुळात त्याला ३५० अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन असे. काहींनी तेथे चेक बनावटीचे, सुमारे ७५० अश्वशक्तीचे वॉल्टर एम-६०१ बसवले. हे इंजिन एल-४१० या १९ आसनी प्रवासी विमानासाठी बनवलेले होते.

दुप्पट शक्ती मिळाली म्हणजे विमान दुप्पट चांगले झाले का? हे तपासण्यासाठी आधी इंजिन कसे चालते ते पाहू.

आपल्याकडच्या लहान विमानतळांवर उतरणाऱ्या एटीआर-७२ विमानाचे पंखे टर्बोप्रॉप इंजिनच फिरवते. कॉम्प्रेसर हवा दाबतो, त्या हवेत इंधन जळते आणि तापलेला वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. एम-६०१ मध्ये दोन टर्बाइन असतात. पहिली कॉम्प्रेसर फिरवते. दुसरी गिअरमार्फत विमानाचा पंखा फिरवते. या दोन टर्बाइन कोणत्याही दांड्याने जोडलेल्या नसतात. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथेही तसेच घडते, फक्त वाऱ्याच्या जागी तप्त वायू असतो. पिस्टनसारखी मागेपुढे होणारी हालचाल नसल्याने हादरे कमी बसतात. शिवाय पेट्रोलऐवजी रॉकेलच्या जातीचे इंधन चालते.

आता ‘इंजिनकाम केलेले’ म्हणजे काय ते पाहू. ट्रॅक्टरच्या इंजिनात झिजलेला भाग मोजता येतो. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन घातले की काम भागते. टर्बाइनची गोष्ट वेगळी आहे. एम-६०१ ची पहिली टर्बाइन मिनिटाला सुमारे ३६,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ६००. समजा, मध्यापासून १० सेंटिमीटरवर १० ग्रॅमचे पाते आहे. वर्तुळाकार गतीचे सूत्र वापरून पाहा: त्या पात्याला धरून ठेवायला सुमारे १४,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ दीड टन वजनाएवढे बल लागते! तेही धातू लालबुंद होईल अशा तापमानात. इंजिन सुरू केले की चकतीवर हा ताण येतो, बंद केले की जातो. अशा प्रत्येक आवर्तनाने धातू थोडा थोडा थकतो. म्हणून चकतीचे आयुष्य तासांबरोबर आवर्तनांतही मोजतात. इंजिन खोलले, धुतले, सूक्ष्म भेगा तपासल्या, तरी चकतीची झालेली आवर्तने पुसली जात नाहीत. ती फक्त इंजिनाच्या नोंदवहीत सापडतात. नोंदवही अपुरी असेल, तर चकचकीत इंजिनाचे उरलेले आयुष्य कोणालाच सांगता येणार नाही.

इंजिन उत्तम आहे असे धरू. विमानाचे बाकीचे अंग मात्र तेच राहते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ७५० ला ३५० ने भागले तर २.१४ येतात, त्याचे घनमूळ १.२९. म्हणजे शक्ती दुपटीहून अधिक, पण वेग वाढणार फक्त २९ टक्के. उंचावर विरळ हवेत टर्बाइनची शक्ती घटते, तेव्हा हा फायदाही कमी होतो. शिवाय पंख आणि शेपटी ठरावीक वेगापलीकडे फडफडू लागून मोडू शकतात. ही मर्यादा सांगाड्याची आहे, इंजिन बदलल्याने ती वाढत नाही.

दुसरा धोका पिळाचा. शक्तीला कोनीय वेगाने भागले की पीळ मिळतो. जुने इंजिन मिनिटाला २,७०० फेऱ्यांवर सुमारे ९२० न्यूटन-मीटर पीळ देई. नव्याचा पंखा सुमारे २,०८० फेरे घेतो, म्हणून पीळ २,५०० च्या वर जातो, जवळजवळ तिप्पट. उतरताना वेग कमी असतो आणि पंखांवरच्या सुकाणू-पट्ट्यांचा जोर अपुरा पडतो. अशा वेळी बेत बदलून वैमानिकाने एकदम पूर्ण शक्ती दिली, तर विमान कलंडू शकते. जमीन जवळ असल्याने सावरायला उंचीही उरलेली नसते.

धातूचा थकवा वर्गात सहज दाखवता येईल. सारख्या तारेचे दोन तुकडे घ्या. एक आधीच दहा-बारा वेळा वाकवून सरळ करून ठेवा. मग विद्यार्थ्यांना दोन्ही वाकवून, तुटेपर्यंतचे हेलकावे मोजायला सांगा. दिसायला तारा जवळजवळ सारख्याच असतात, पण आधी वाकवलेली लवकर तुटेल. जुने इंजिन विकत घेणाऱ्यापुढे अशीच तार असते, आणि तिच्या भरवशावर त्याला आकाशात जायचे असते. म्हणून इंजिनाची चमक पाहण्याआधी त्याने नोंदवही उघडावी, आणि ती भरवशाची नसेल तर ते इंजिन तेथेच ठेवून परत यावे.