कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी असते का?

ज्यांना आजचा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

ऑनलाइन फसवणूक झाली की आपण पटकन म्हणतो, "अरे, बघून क्लिक करायचं ना!" पण त्या माणसाला स्क्रीनवर नेमकं काय दिसलं, हे कोणी विचारतं का? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या मते सिक्युरिटी प्रॉडक्टच्या यूएक्स लीडचं खरं काम म्हणजे हाच प्रश्न शेवटपर्यंत लावून धरणं. तीन उदाहरणं बघू.

पहिलं, ब्राउझरमधलं कुलूप. पत्त्याशेजारी ते दिसलं की साइट खरी, असं अनेकांना वाटायचं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत जाणारी माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही. पलीकडे बँक बसलीय की भामटा, हे कुलूप सांगतच नाही. चोरही आपल्या घराला कुलूप लावतोच की! गुगलने २०२१ मध्ये अभ्यास केला, तेव्हा फक्त ११% लोकांना या चिन्हाचा अचूक अर्थ सांगता आला. मग सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोम ११७ आलं आणि तिथलं कुलूप गेलं. त्याजागी सेटिंगसारखं दिसणारं साधं चिन्ह आलं. 'लोकांना कुलपाचा अर्थ शिकवू' असं म्हणणं सोपं होतं. इतक्या वर्षांचं ओळखीचं चिन्ह काढायचं म्हटलं, तर ती जबाबदारी कोणीतरी अंगावर घ्यावी लागते.

दुसरं, धोक्याची सूचना. साइटच्या सर्टिफिकेटमध्ये गडबड असली की क्रोम अख्खं पान अडवतं, ते तुम्ही पाहिलं असेल. ती सूचना नव्याने लिहिणाऱ्या टीमने २०१५ च्या शोधनिबंधात सरळ सांगितलं, की लोकांना धोका नीट समजावा हे आमचं उद्दिष्ट साधलं नाही. तरीही जवळपास ३०% जास्त लोक सुरक्षित राहिले. कसे काय? मागे फिरायचं बटण ठळक केलं आणि पुढे जायचा रस्ता 'अ‍ॅडव्हान्स्ड'च्या आत ठेवला. वाक्यं समजली नाहीत, पण घाईतलं बोट योग्य जागी पडलं.

तिसरं आपल्या घरचं, यूपीआय. समजा, तुम्ही जुना सोफा विकायला जाहिरात टाकली. फोन येतो, "अ‍ॅडव्हान्स पाठवतोय, फक्त पिन टाका." खरं तर समोरच्याने तुमच्याकडेच पैसे मागितलेले असतात. त्याला कलेक्ट रिक्वेस्ट म्हणतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे वर्षानुवर्षं सांगून झालं, तरी लोक फसत राहिले. कारण फोनवरचा माणूस घाई करत असतो, आणि तेव्हा बारीक अक्षरं कोण वाचतो? शेवटी एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी रिक्वेस्ट पाठवायची सोयच बंद केली. माझ्या दृष्टीने हाही डिझाइनचाच निर्णय आहे.

आता तिन्ही एकत्र बघा. प्रत्येक वेळी माणसाला शहाणं करायच्या आधी स्क्रीन सुधारली. म्हणून यूएक्स लीडने मीटिंगमध्ये 'युजरला हे कळेल का?' एवढंच विचारून भागत नाही. 'दमलेला, घाबरलेला माणूस इथे काय दाबेल, आणि चुकून दाबलं तर त्याचे किती पैसे जातील?' हे विचारावं लागतं. सूचना आणखी एका ओळीने वाढवणं हा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी उपयोगाचा उपाय असतो.

बाकी, एक नियम अजून तसाच आहे हं. क्यूआर स्कॅन केला असो वा लिंक आली असो, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

तुमच्या आई-बाबांना कुठल्या अ‍ॅपची कुठली स्क्रीन गोंधळात टाकते? एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू.