पिस्तूल अडले कमानीपाशी

वैजापूर तालुक्यात, पालखेडला, फेब्रुवारी 1728 मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाची कोंडी केली. बाजीरावाच्या घोडदळाची भिस्त भाल्यावर आणि तलवारीवर होती. काही स्वारांपाशी तोड्याच्या बंदुका असत. एकबारी पिस्तूल मात्र साध्या स्वाराच्या कमरेला क्वचितच दिसे. याचे कारण कोणी मराठ्यांच्या पराक्रमाच्या कल्पनेत शोधतात, कोणी नव्या तंत्राविषयीच्या अनास्थेत. माझ्या मते ते पिस्तुलाच्या आत, बोटभर लांबीच्या पोलादी कमानीत आणि ती सांभाळण्याच्या खर्चात आहे.

तोड्याच्या बंदुकीला कमानीची फारशी गरज नसे. चाप दाबला की पेटता तोडा, म्हणजे जळती वात, रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूवर, टेकतो; कमान असलीच तर तो मागे सारण्यापुरती. धावत्या घोड्यावर पेटता तोडा सांभाळत, एका हाताने पिस्तूल झाडणे मात्र अवघड. म्हणून युरोपात सोळाव्या शतकात पिस्तूल रुजले ते ठिणगीच्या यंत्राबरोबर, आणि ठिणगी म्हणजे कमान. चकमकीच्या पिस्तुलात अशा तीन कमानी असतात. मुख्य कमान गारगोटी धरलेला घोडा जोराने पुढे फेकते, दुसरी त्या घोड्याला अडवणारी खिटी दाबून धरते आणि तिसरी रंजकावरचे पोलादी झाकण मिटलेले ठेवते. मुख्य कमान ढिली पडली की घाव हलका बसतो, ठिणगी मरते आणि बार फुसका जातो. खिटीची कमान ढिली पडली तर उलटा घात होतो: चढवलेला घोडा धक्क्याने सुटतो आणि बार नको तिथे उडतो. एकाच बारावर जीव टांगलेल्या स्वाराला दोन्ही दोष सारखेच महाग. पिस्तूल चढवून ठेवले की कमान थकते, असा समज आहे. पण नीट पाणी दिलेली कमान मर्यादेत दाबून ठेवल्याने सहसा निकामी होत नाही. ती मोडते गंजाच्या खळग्यातून सुरू झालेल्या चिरेने, वळणावर वारंवार पडणाऱ्या ताणाने, किंवा यंत्र खोलताना-जोडताना कोणी ती वाजवीपेक्षा जास्त वाकवल्याने. विस्तवाजवळ तापली, तर न मोडताही तिचे पाणी उतरते.

यावर पहिला आक्षेप असा, की दख्खनचे पोलाद जगात नावाजलेले होते; तेलंगणातल्या कोनसमुद्रमचे पोलाद इराणी व्यापारी विकत नेत. मग कमानीच तेवढ्या का अडाव्यात? पण तलवारीचे ते पोलाद दीड टक्क्याच्या आसपास कार्बनचे, धारेला उत्तम आणि लवचीकपणाला कमी. कमानीला अर्धा ते एक टक्का कार्बन पुरतो. ती तेलात विझवून पुन्हा निळसर रंग येईपर्यंत, साधारण 300 अंशांवर, तापवावी लागते. ताव थोडा कमी पडला तर कमान तडकते, जास्त झाला तर वाकून तशीच राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांत चकमकीची उत्कृष्ट पिस्तुले घडत होती, म्हणजे कसब या देशात होतेच. हे मान्यच करायला हवे. पण ते दरबारी कारखाने होते. महादजी शिंद्यांच्या चाकरीतल्या द बॉइन या युरोपी सेनानीने कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हाही आग्र्याला शस्त्रांचा कारखाना होताच. त्याच परंपरेतल्या पलटणी 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, चकमकीच्या बंदुका घेऊन लढल्या. पाठीशी कारखाना असेल तिथे हे यंत्र टिकले. शिलेदाराची गोष्ट वेगळी. घोडा त्याचा, हत्यार त्याचे, दुरुस्तीही त्याचीच. हाताने कानस मारून बसवलेल्या एका पिस्तुलाची कमान दुसऱ्यात चपखल बसत नसे. युरोपातही 1785 च्या सुमारास बंदूक घडवणाऱ्या ओनोरे ब्लांने अदलाबदल करता येणारे भाग दाखवले, तेव्हा थॉमस जेफरसनला त्याची नवलाई वाटली. भाल्याचा दांडा गावचा सुतार बदलून देई. मोडलेली कमान घेऊन मोहिमेवरच्या शिलेदाराने जायचे कुठे? त्याने पिस्तुलावर भिस्त ठेवली नाही ती अडाणीपणाने नव्हे, हिशेबाने.

पावसाळाभर पडून राहिलेली शस्त्रे खंडेनवमीला पुजायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, हा क्रम लोखंडाच्या दृष्टीनेही शहाणपणाचा होता. दमट महिन्यांनंतर हत्यार पुसून, तेल लावून पाहिले जाई. आज जुन्या वाड्यांत उरलेल्या पिस्तुलांना त्याहून अधिक जपणूक हवी. घोडा चढवून चाप ओढून पाहू नका, खरकागदाने घासू नका, मोडलेली कमान फेकू नका. तिच्या वळणावरची चीर हाच अभ्यासकाचा पुरावा असतो. आणखी एक. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये जुन्या, मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ज्यातून बार उडणार नाही, अशांचाच तिथे विचार आहे. कमान नव्याने घडवता येते. तेव्हा केवळ ती मोडली म्हणून पिस्तुलाला सूट मिळते असे धरू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या.